जुन्या फ्रिजचं आंबवणीचं कपाट: मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणि थंडीत तापमान कसं धरायचं

मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पत्र्याच्या खोलीत ठेवलेला कॉम्बुचा (गोड चहा आंबवून केलेलं आंबट पेय) चार दिवसांत व्हिनेगर होतो. डिसेंबरात त्याच खोलीत रात्री भिजवलेलं इडलीचं पीठ सकाळी तसंच बसलेलं असतं. रेसिपी तीच, हात तोच, बदललेलं असतं ते फक्त तापमान. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ पर्यंत जातो आणि थंडीत परभणीचा पारा दहाच्या खाली उतरतो. म्हणून नुसता गरम करणारा डबा किंवा नुसती थंड पेटी इथे पुरत नाही, दोन्ही करणारं एकच कपाट लागतं. जुना फ्रिज, एक बल्ब आणि तापमान बघून दोघांची वीज चालू-बंद करणारा, हजाराच्या आत मिळणारा कंट्रोलर एवढ्यात ते होतं.

ही जोडणी मुळात घरी बिअर करणाऱ्यांनी रूढ केली. आपल्याकडे तो उद्योग करू नका. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय घरी दारू गाळणं किंवा आंबवणं गुन्हा आहे आणि त्यात बिअर-वाइनही आली. इथे सगळं दही, इडली, कॉम्बुचा, टेम्पे (बुरशीने आंबवलेल्या सोयाबीनचा घट्ट गोळा) आणि खारवलेल्या भाज्यांसाठी सांगितलं आहे. कॉम्बुचातही थोडं अल्कोहोल तयार होतं. बाटलीत भरून, वर साखर किंवा फळांचा रस घालून बाहेर ठेवला तर ते वाढतं. म्हणून बाटलीबंद झाला की थंड फ्रिजमध्ये.

१. आधी ठरवा: काय आंबवायचं, किती अंशांवर

कपाट एका वेळी एकच तापमान धरतं, हे सुरुवातीलाच मनात पक्कं करा. वरच्या कप्प्यात दही आणि खालच्या कप्प्यात कॉम्बुचा असं जमत नाही.

- खारवलेला कोबी, गाजर, मुळा (भाजीच्या वजनाच्या २ ते २.५ टक्के मीठ): १८ ते २२ अंश, दोन-तीन आठवडे
- कॉम्बुचा: २४ ते २९ अंश, ७ ते १० दिवस
- इडली-डोशाचं पीठ: २८ ते ३२ अंश, ८ ते १२ तास
- टेम्पे: ३० ते ३२ अंश, २४ ते ३६ तास
- दही: ४० ते ४३ अंश, ४ ते ६ तास

कॉम्बुचा आणि इडलीचं पीठ २८ अंशांवर एकत्र राहू शकतात. टेम्पेला मात्र कपाट एकट्याला द्या. टेम्पे म्हणजे सोयाबीनवर मुद्दाम वाढवलेली बुरशी. तिचे कण कॉम्बुचाच्या बरणीत गेले की त्यावर धरणाऱ्या जाड सायीवर बुरशी येते. टेम्पे काढल्यावर आतून व्हिनेगरच्या पाण्याने पुसून एक दिवस दार उघडं ठेवा.

टेम्पेचं नाव अनेकांना नवं वाटेल, पण लातूरच्या आडतीत सोयाबीनचे ढीग बघणाऱ्या माणसाने तो एकदा करून बघावाच. शिवाय या कपाटाची खरी परीक्षा टेम्पेच घेतो. पहिले बारा-पंधरा तास त्याला ऊब द्यावी लागते. त्यानंतर बुरशी स्वतःच इतकी उष्णता सोडते की तोच गोळा थंड करावा लागतो. ३८-४० च्या पुढे गेला की बुरशी दमते, अमोनियाचा वास सुटतो आणि सगळं फुकट जातं.

२. फ्रिज कोणता घ्यायचा

एक दाराचा, १६५ ते १९० लिटरचा, वर बर्फाचा कप्पा असलेला आणि आत आकड्यांचा नॉब असलेला साधा फ्रिज घ्या. जुन्या सामानाच्या दुकानात किंवा फ्रिज मेकॅनिककडे तो दोन-चार हजारांत मिळतो. दोन दारांचा, बर्फ न धरणारा फ्रिज घेऊ नका. त्यात बर्फ वितळवणारा हीटर, पंखा आणि बरेचदा इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. आपण बाहेरून वीज तोडत-जोडत राहिलो की त्या बोर्डाचं वेळापत्रक बिघडतं.

घेण्याआधी एवढं तपासा:

- दुकानातच अर्धा तास चालवून बघा. बर्फाच्या कप्प्याच्या पत्र्याला ओलं बोट लावल्यावर ते चिकटलं पाहिजे. नुसता गार लागत असेल तर गॅस कमी आहे.
- दाराच्या रबरात वर्तमानपत्राची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. चारही बाजूंनी अडखळत आली पाहिजे. सहज निसटली तिथून रात्रंदिवस गरम हवा आत येणार.
- थ्री-पिन टॉपमधली अर्थिंगची जाड पिन जागेवर आहे ना? जुन्या फ्रिजमध्ये ती बहुतेक वेळा कुणीतरी कापलेली असते. टॉप नवा बसवून घ्या.
- मागचा स्टिकर वाचा. आर-६००ए लिहिलं असेल तर आतला गॅस पेट घेणारा आहे. त्या फ्रिजला कुठेही ड्रिल लावू नका, आणि ठिणगी पडेल असा स्विच किंवा रिले (विजेने चालणारा स्विच) आत ठेवू नका. पुढे बल्बसाठी आत लावायचा थर्मल स्विचही त्यातच आला, म्हणून या कामाला असा फ्रिज टाळा.

खरं तर कुठल्याच फ्रिजला ड्रिल लावू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये गरम नळ्या बाजूच्या पत्र्यामागे लपलेल्या असतात. एक भोक चुकलं की गॅस गेला आणि फ्रिज भंगारात. सेन्सरची बारीक वायर मागच्या पाणी जाण्याच्या नळीतून घाला. बल्बची आणि पंख्याची वायर दाराच्या बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यातून रबराखालून न्या. तिथे रबर कमी दाबलं जातं. उरलेली फट खिडकीच्या फोमच्या पट्टीने बुजवा.

३. सामान

- एसटीसी-१००० कंट्रोलर, २२० व्होल्टचा, सेन्सरसकट. हाच कंट्रोलर १२ आणि २४ व्होल्टमध्येही येतो आणि दिसायला अगदी सारखाच असतो. १२ व्होल्टच्याला घरची वीज दिली तर क्षणात धूर निघतो, म्हणून अंगावरचा स्टिकर वाचूनच पैसे द्या.
- प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स, साधारण ८ बाय ६ इंच
- ६ अँपिअरचे तीन-पिन सॉकेट, दोन
- ६ अँपिअरचा एमसीबी (शॉर्ट झाल्यावर वीज तोडणारा स्विच). घरच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक बसताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर तोही. ओल्या हातांनी करायचं काम आहे, इथे काटकसर नको.
- कॉपर वायर: कंप्रेसरसाठी १.५ चौरस मिमी, बाकी १ चौरस मिमी. लाल, काळी, हिरवी
- पिवळ्या उजेडाचा ४० वॅटचा तारेचा बल्ब आणि चिनी मातीचा होल्डर
- बिस्किटांचा पत्र्याचा डबा
- केएसडी-३०१ थर्मल स्विच, ६० अंशांवर आपोआप वीज तोडणारा
- कॉम्प्युटरचा ८० मिमी पंखा आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर
- मल्टिमीटर, टेस्टर, पट्टी कनेक्टर, केबल ग्लँड (वायरीभोवती भोक बंद करणारी चकती)
- पाण्याच्या दोन लिटरच्या चार बाटल्या
- व्होल्टेज हलणारा भाग असेल तर फ्रिजचा स्टॅबिलायझर

४. पेटीची जोडणी

घरच्या विजेशी कधी खेळला नसाल तर हा टप्पा वायरमनकडून करून घ्या आणि खालचा क्रम त्याला दाखवा. तासाभराचं काम आहे.

बॉक्सच्या झाकणात ७१ बाय २९ मिमीची खिडकी कापा. कंट्रोलर समोरून आत जातो आणि बाजूच्या नारिंगी क्लिपांनी घट्ट बसतो. मागे आठ स्क्रू असतात: १-२ वीज, ३-४ सेन्सर, ५-६ गरम, ७-८ थंड. तुमच्या नगावरचं चित्र वेगळं असेल तर चित्राचंच ऐका.

१) एमसीबीतून आलेला फेज (लाल) कनेक्टरवर घ्या. तिथून तीन तुकडे काढा: एक स्क्रू १ ला, एक ५ ला, एक ७ ला.
२) स्क्रू ६ मधून निघालेली लाल वायर "गरम" सॉकेटच्या फेजला द्या.
३) स्क्रू ८ मधून निघालेली "थंड" सॉकेटच्या फेजला.
४) न्यूट्रल (काळी) स्क्रू २ ला आणि दोन्ही सॉकेटना थेट.
५) अर्थिंग (हिरवी) दोन्ही सॉकेटना थेट.
६) सेन्सरची दोन टोकं ३ आणि ४ ला. उलटसुलट झाली तरी चालतात.

नवशिक्यांची नेहमीची चूक अशी: ५ आणि ७ ला फेज द्यायचाच राहतो. कंट्रोलर उजळतो, आकडे दाखवतो, आतून टक् असा आवाजही येतो, पण सॉकेटमध्ये वीज येत नाही. कंट्रोलर स्वतः वीज पुरवत नाही, त्याच्या पोटात दोन स्विच आहेत एवढंच. स्विचला एका बाजूने वीज आणून द्यावी लागते.

दुसरी चूक म्हणजे फेजऐवजी न्यूट्रल स्विचमधून नेणं. काम तर होतं, पण "बंद" असलेल्या बल्बच्या होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो. वीज देण्याआधी मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ असं एकदा तपासा. शॉर्ट असेल तर इथेच कळतं.

कंट्रोलरचे रिले १० अँपिअरचे आहेत. छोट्या फ्रिजचा कंप्रेसर चालताना एक अँपिअरच्या आसपासच घेतो, पण सुरू होतानाचा झटका त्याच्या कितीतरी पट असतो. तो झटका रिलेच्या टोकांना हळूहळू भाजतो आणि एक दिवस टोकं चिकटून बसतात. फ्रिज जुना आणि जड सुरू होणारा असेल तर २२० व्होल्ट कॉइलचा ३० अँपिअरचा वेगळा रिले मध्ये घाला: स्क्रू ८ ने त्या रिलेची कॉइल चालवायची आणि त्या रिलेने फ्रिज.

सेन्सरची वायर बॉक्समध्ये विजेच्या वायरांना चिकटू देऊ नका, नाहीतर आकडे उड्या मारतात. आणि बॉक्सची सगळी भोकं ग्लँडने बंद करा. उबदार पेटी पालीला फार आवडते. ती आत शिरली की तिचाही जीव जातो आणि कंट्रोलरचाही.

५. बल्बचा हीटर

बल्ब घेताना बघून घ्या. हल्ली "झिरो बल्ब" मागितला की एलईडी हातात पडतो आणि त्याची ऊब नसल्यातच जमा. आत तार दिसली पाहिजे. ४० वॅट पुरतात. शंभर वॅटचा लावला तर लवकर गरम होईल हे खरं, पण मग तापमान लक्ष्याच्या पलीकडे उडी मारतं आणि फ्रिजला मागे धावावं लागतं.

बल्ब उघडा ठेवायचा नाही. उजेड आंबवणीला नको असतो, आणि तापलेल्या काचेवर थंड थेंब पडला की बल्ब फुटतो. चिनी मातीचा होल्डर बिस्किटाच्या डब्याच्या तळाला स्क्रूने बसवा. प्लास्टिकचा होल्डर उष्णतेने मऊ पडतो. डब्याच्या खालच्या बाजूला दहा-बारा आणि वरच्या कडेला दहा-बारा भोकं पाडा म्हणजे हवा खालून वर फिरेल. हिरवी वायर डब्याच्या पत्र्याला स्क्रूने जोडा, हे विसरू नका. डबा भाजीच्या ट्रेच्या जागी, खाली एक फरशीचा तुकडा ठेवून बसवा. फ्रिजच्या प्लास्टिकच्या भिंतीपासून चारही बाजूंनी निदान १०-१५ सेंटीमीटर लांब.

केएसडी-३०१ स्विच बल्बच्या फेजमध्ये जोडा आणि डब्याच्या वर हातभर अंतरावर भिंतीला टेप करा. त्याची उघडी टोकं झाकून घ्या. रिले चिकटून बल्ब रात्रभर पेटत राहिला तर ६० अंशांवर हा स्विच तोडतो.

पंखा सतत चालू ठेवा, हवा फार जोरात नको. त्याच्याशिवाय वरच्या आणि खालच्या कप्प्यात चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो.

६. सेन्सर कुठे लावायचा

दहापैकी आठ कपाटं इथेच फसतात.

सेन्सर हवेत लोंबकळत ठेवला की कंट्रोलर हवेचं तापमान सांभाळतो. हवा हलकी, दार उघडलं की क्षणात बदलते. कंट्रोलर घाबरल्यासारखा चालू-बंद करत राहतो, आणि बरणीतला दहा लिटर द्रव त्याच्या मागे रेंगाळत असतो. आकडा २६ दाखवतो आणि बरणीत ३१ असतात.

सेन्सर बरणीच्या बाहेरच्या भिंतीला, द्रवाच्या पातळीच्या मधोमध टेकवा. त्यावर फोमचा किंवा चार पदरी फडक्याचा तळहाताएवढा तुकडा ठेवा आणि वरून टेपने घट्ट बांधा. फडकं हवेला अडवतं, म्हणून सेन्सरला काचेमागच्या द्रवाचीच चाहूल लागते. फडक्याशिवाय नुसती टेप लावली तर सेन्सर अर्धा हवेचा, अर्धा द्रवाचा आकडा दाखवतो आणि तोही पंख्याच्या वेगाप्रमाणे बदलत राहतो.

कपाटात तीन बरण्या असतील तर सर्वात मोठीला लावा. टेम्पे मात्र भोकं पाडलेल्या पिशव्यांत भरलेला असतो, त्याला बरणीची भिंत नाही. सेन्सर स्वच्छ प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन पिशव्यांच्या मधोमध, सँडविचसारखा ठेवा, कारण उष्णता गोळ्याच्या आतून येते. हवेतला सेन्सर ३१ दाखवत असताना टेम्पेचं पोट ३८ वर गेलेलं असू शकतं.

द्रव किती आळशी असतो याचा हिशेब एकदा करून ठेवा. दहा लिटर गोड चहा ३८ वरून २६ वर आणायचा म्हणजे सुमारे ५०० किलोज्यूल उष्णता काढायची. फ्रिजने सेकंदाला १०० ज्यूल ओढले असं धरलं तरी दीड तास झाला, आणि ती काच आणि हवेतून जायची असल्याने प्रत्यक्षात पाच-सहा तास घ्या. म्हणून उन्हाळ्यात गरम चहा तसाच कपाटात ढकलू नका. बरणी आधी पाण्याच्या घमेल्यात ठेवून खोलीच्या तापमानाला आणा. मे महिन्यात टाकीचं पाणीच कोमट असतं, तेव्हा माठातलं वापरा.

सेन्सर खरा बोलतो का, तेही बघा. थर्मासमध्ये कुटलेला बर्फ गच्च भरा, भिजेल एवढंच पाणी घाला, सेन्सर मधोमध धरून दहा मिनिटं थांबा. शून्य यायला हवं. ०.८ आलं तर कंट्रोलरच्या चौथ्या सेटिंगमध्ये (पुढच्या भागातलं एफ४) उणे ०.८ भरा. पण आपलं काम शून्यावर नाही, तिशी-चाळिशीत आहे. म्हणून कोमट पाण्यात तापाचा डिजिटल थर्मामीटर आणि सेन्सर शेजारी धरून ३७ च्या आसपास पुन्हा ताडून बघा. दह्यासाठी हा दुसरा ताळा जास्त महत्त्वाचा.

७. कंट्रोलरमध्ये काय भरायचं

एस बटण तीन सेकंद दाबून धरा, पडद्यावर एफ१ येतं. वर-खाली बाणांनी एफ१ ते एफ४ फिरता येतं. आकडा बदलायला एस दाबून धरून बाण दाबा. झालं की चालू-बंदचं बटण एकदा हलकेच दाबा, तेव्हाच आकडा जतन होतो. दहा सेकंद काहीच दाबलं नाही तर कंट्रोलर जतन न करता बाहेर पडतो. "सेट केलेलं टिकत नाही" ही तक्रार जवळपास नेहमी यातूनच येते.

- एफ१: हवं ते तापमान. कॉम्बुचाला २६.
- एफ२: फरक. येतानाच ०.५ असतो, तो १ करा. म्हणजे २७ ला थंड सुरू, २५ ला गरम सुरू, आणि दोन्ही २६ ला बंद.
- एफ३: कंप्रेसरची विश्रांती, मिनिटांत. ३ असते, ५ करा. जुन्या फ्रिजला ७ द्या.
- एफ४: सेन्सरची दुरुस्ती, वर काढलेली.

विश्रांतीचं कारण साधं आहे. कंप्रेसर बंद झाल्यावर नळ्यांमधला दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला काही मिनिटं जातात. त्याआधी सुरू केला तर तो दाबाविरुद्ध ढकलतो, घुरघुरतो आणि त्याचा ओव्हरलोड (कंप्रेसर तापला की वीज तोडणारा स्विच) तुटतो. वीज आल्यावरही कंट्रोलर ही वेळ पाळतो. तेवढा वेळ थंडचा दिवा लुकलुकत राहतो. तो बिघाड नव्हे, थांबा.

आता फ्रिजच्या स्वतःच्या नॉबचं. सगळीकडे सांगतात की तो सर्वात थंड आकड्यावर ठेवा. १० अंशांच्या कामाला ते बरोबर आहे. आपल्याला २६ अंश हवेत, म्हणून नॉब मधल्या आकड्यावर ठेवा. द्रव थंड व्हायला वेळ लागतो, तोवर बर्फाचा कप्पा उणे दहापर्यंत जातो. मग कंट्रोलरने बंद केल्यावरही तो थंडावा खाली उतरत राहतो, द्रव २४ वर घसरतो आणि बल्ब पेटतो. थोड्या वेळाने पुन्हा फ्रिज. दिवसभर दोघं एकमेकांशी भांडतात आणि बिल तुम्ही भरता. नॉब मधे असला की फ्रिजचाच थर्मोस्टॅट कप्पा फार गार होऊ देत नाही, म्हणून ही घसरण कमी होते.

तरीही भांडण दिसलं तर ऋतूप्रमाणे एक प्लग काढून टाका. एप्रिल-मेमध्ये गरमचा, डिसेंबर-जानेवारीत थंडचा. दोन्ही खरोखर लागतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जेव्हा दुपार ३४ ची आणि पहाट १५ ची असते. दही लावताना तर थंडचा प्लग नेहमीच काढा.

८. पाण्यावर चाचणी

पहिली बरणी साध्या पाण्याची. वापरायची तीच बरणी, तेवढंच पाणी, सेन्सर तसाच बांधलेला. २४ तास चालवा आणि दर दोन तासांनी तीन गोष्टी वहीत लिहा: पडद्यावरचा आकडा, बरणीत बुडवलेल्या वेगळ्या थर्मामीटरचा आकडा, आणि कोणता दिवा चालू आहे.

दोन आकड्यांत एक अंशापर्यंतचा फरक चालेल. जास्त असेल तर सेन्सरवरचं फडकं जाड करा. एका तासात गरम आणि थंड दोन्ही लागले असतील तर एफ२ दीडवर न्या किंवा बल्ब २५ वॅटचा करा.

बरण्यांशेजारी पाण्याच्या दोन लिटरच्या चार बाटल्या ठेवून द्या. रिकाम्या कपाटापेक्षा भरलेलं कपाट हळू तापतं आणि हळू गार होतं.

९. वीज जाते तेव्हा

बाटल्या ठेवलेलं, दार बंद असलेलं कपाट दोन-तीन तासांचं भारनियमन सहज सोसतं. एकच अट: वीज गेल्यावर "बघू काय झालंय" म्हणून दार उघडायचं नाही. उन्हाळ्यात कपात लांबणार असं कळलं तर घरच्या फ्रिजमधली गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवा, बरणीला टेकवून नव्हे. थंडीत हेच काम गरम पाण्याची पिशवी करते. घरच्या इन्व्हर्टरवर फ्रिज चालवू नका, साध्या इन्व्हर्टरच्या विजेवर कंप्रेसर तापतो. बल्ब आणि कंट्रोलर चालतील.

खरी भीती कमी व्होल्टेजची आहे. संध्याकाळी १७०-१८० वर आलं की कंप्रेसर घुरघुरतो पण फिरत नाही. स्टॅबिलायझर लावायचा तर बोर्ड आणि आपली पेटी यांच्या मध्ये लावा, पेटी आणि फ्रिजच्या मध्ये नको. पेटीनंतर लावला तर प्रत्येक वेळी रिले चालू झाला की स्टॅबिलायझर नव्याने जागा होतो, स्वतःची दोन-तीन मिनिटं मोजतो आणि मगच फ्रिजला वीज देतो.

१०. बिघाड आणि कारणं

पडद्यावर ईई: सेन्सर तुटला किंवा स्क्रू ढिला. सेन्सरच्या टोकात पाणी शिरलं की आधी आकडे भरकटतात आणि मग ईई येतं. टोकावर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवून ठेवा.

एचएच: तापमान सेन्सरने मोजायच्या हद्दीबाहेर.

थंडचा दिवा बंद, तरी फ्रिज चालू: रिले चिकटला. तात्काळ प्लग काढा. बॉक्सवर टिचकी मारून सुटला तरी तो पुन्हा चिकटणारच, कंट्रोलर बदला.

तळाशी पाणी: पावसाळ्यात हमखास. दमट हवा थंड पत्र्याला लागून घाम सुटतो आणि आपण पाण्याच्या नळीत वायर घातलेली असल्याने निचरा अडतो. वायरीभोवती नळी बुजवू नका, आणि बल्बचा डबा फरशीवर उंच असू द्या. दाराच्या रबराच्या घड्या आठवड्याला व्हिनेगरच्या फडक्याने पुसा, बुरशी तिथूनच सुरू होते.

कॉम्बुचावर कोरडे, केसाळ, हिरवे-काळे ठिपके: बुरशी. वरची साय काढून खालचं प्यायचं नाही, सगळं टाका. पुढच्या वेळी लिटरमागे आधीचा आंबट कॉम्बुचा १०० ते १५० मिली घाला आणि २२ च्या खाली जाऊ देऊ नका. बरणीच्या तोंडाला जाळी नको, घट्ट विणीचं सुती कापड बांधा. जाळीतून चिलटं आरामात जातात.

टेम्पेवर काळे डाग: वास चांगला असेल तर तो खाता येतो. हवा जास्त लागली किंवा तापमान वर गेलं, एवढाच त्याचा अर्थ. पिशव्यांची भोकं कमी करा आणि बाराव्या तासानंतर एफ१ तिशीवर आणा. चिकट झाला किंवा अमोनियाचा वास आला तर टाका.

दही पाणी सोडतं: तापमान ४५ च्या पुढे गेलं, किंवा सेन्सर दुधाच्या भांड्याला न लावता शेजारच्या बाटलीला लावला होता.

फ्रिज नसेलच, तर एप्रिल-मेपुरता एक जुना उपाय चालतो. बरणी पाण्याच्या घमेल्यात ठेवा, तिच्यावर सुती कापड गुंडाळून त्याची टोकं पाण्यात बुडवा आणि समोर टेबलफॅन लावा. कोरड्या हवेत बरणी खोलीपेक्षा सहज सात-आठ अंश गार राहते, माठासारखी. कूलर चालू असलेल्या बंद खोलीत हा उपाय निम्मा होतो आणि जूनमध्ये मृगाचा पहिला पाऊस पडला की संपतो.